अण्णांचा ब्लोअर आणि माझं धुकं

दिवाळीत घरी गेलं की एक प्रश्न ठरलेला असतो, "अगं तू तिकडं नक्की करतीस काय?" पीएचडी म्हणलं की "ते माहिताय, पण करतीस काय?" चार वर्षं मी सेन्सर, थिन फिल्म, नॅनो वगैरे शब्द फेकून वेळ मारून नेली, यंदा वैतागून म्हणलं, फवारणी करते. एकदम शांतता. आमचं घर तासगाव तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग, ऑक्टोबर छाटणी झाली की घरात डाऊनी, भुरी हे वेलीचे रोग, फवारणीचा ब्लोअर आणि नोझल याशिवाय बोलणं नसतं. अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला, "कशावर?" म्हणलं काचेवर. "काचंवर कसली कीड आली?"

मग त्या रात्री जेवणं झाल्यावर जे बोलणं झालं तसं आजवर एकाही सेमिनारमध्ये झालं नाहीये, म्हणून हे लिहून ठेवतेय.

तर मी गॅस ओळखणारे सेन्सर करते आणि ते करायच्या आमच्या पद्धतीला स्प्रे पायरोलिसिस म्हणतात. काचेची स्लाइड घ्यायची, तीच मायक्रोस्कोपवाली, ७५ बाय २५ मिलिमीटर, ती साबणाने, ॲसिडने, डिस्टिल्ड वॉटरने, ॲसिटोनने मरेस्तोवर धुवायची, हॉट प्लेटवर ठेवून ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची आणि वरून टिन क्लोराइडचं द्रावण फवारायचं. गरम काचेजवळ आलं की पाणी उडतं, टिन क्लोराइडची पाण्याशी रिअ‍ॅक्शन होते, टिन ऑक्साइडचा पातळ थर काचेवर बसतो आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ वर जाते. ही वाफ फ्यूम हूडमधल्या, म्हणजे लॅबच्या धूर ओढून घेणाऱ्या कपाटातल्या, प्रत्येक लोखंडी वस्तूला खाते, आमच्या स्टँडचे स्क्रू दर सहा महिन्याला बदलावे लागतात.

हे काही काल-परवाचं नाही. १९६६ मध्ये चेंबरलिन आणि स्कारमन या दोघांनी सोलर सेलसाठी कॅडमियम सल्फाइडची फिल्म अशी फवारून केली, तिथून ही पद्धत पसरली. आणि आमच्या पट्ट्यात तर तिने घरच केलंय, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या प्रा. पी. एस. पाटील यांनी १९९९ मध्ये स्प्रे पायरोलिसिसवर जो रिव्ह्यू लिहिला तो या विषयात नवीन येणारं पोरगं आजही आधी वाचतं. कारण साधं आहे, व्हॅक्यूम लागत नाही, महागडं मशीन लागत नाही, कॉम्प्रेसर, नोझल, हॉट प्लेट आणि चिकाटी असली की झालं. गरिबाघरचं तंत्रज्ञान म्हणा हवं तर, मी अभिमानानेच म्हणतेय.

अण्णांचा पहिला खरा प्रश्न, "थेंब केवढा पडतो तुमचा?"

मी उडालेच, कारण हाच प्रश्न मला स्वतःला पडायला दीड वर्ष लागलं होतं.

झालं असं की आमच्या लॅबची रेसिपी मूळची सोलर सेलवाल्यांची. त्यांना काय हवं असतं, गुळगुळीत, पारदर्शक, वीज छान वाहून नेणारी फिल्म, तिरकी धरली की तेलाच्या तवंगासारखे रंग दिसले पाहिजेत. मी पहिलं वर्षभर तशाच फिल्म करत बसले. चकचकीत. सरांना दाखवायला मजा यायची. पण गॅस सोडला की ढिम्म, रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जेमतेम हलायचा. शेवटी एका सीनियरने माझ्या फिल्मचा एसईएमचा, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा, फोटो बघितला आणि एवढंच विचारलं, "यात गॅस शिरणार कुठून?"

टिन ऑक्साइडला वास कसा येतो ते थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ही फिल्म दोन-चारशे अंशांवर तापवून ठेवली की हवेतला ऑक्सिजन तिच्या पृष्ठभागावर चिकटतो आणि चिकटताना तिच्यातले इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो, म्हणजे वरच्या थरात वीज वाहायला कुणी उरत नाही, रेझिस्टन्स वाढलेला असतो. आता तिथं एलपीजी, अल्कोहोल किंवा अमोनिया आला की तो त्या चिकटलेल्या ऑक्सिजनशी रिअ‍ॅक्ट होतो, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात, रेझिस्टन्स धाडकन खाली. एवढंच. जे मोजायचं ते फक्त ओहम. पण इलेक्ट्रॉन अडकतात तो थर किती जाड? साधारण तीन नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). म्हणजे कण जर शंभर नॅनोमीटरचा असेल तर त्याच्या सालीवर काय चाललंय याचा आतल्या गाभ्याला पत्ताच नसतो, आणि कण सहा नॅनोमीटरच्या आत आला की दोन्हीकडच्या साली एकमेकींना भिडतात, अख्खा कणच साल होतो. जपानमध्ये यामाझोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे नीट मोजून दाखवलं, सहा नॅनोमीटरच्या आसपास संवेदनशीलता एकदम उसळी मारते. तेव्हा कण बारीक पाहिजे आणि कणांमध्ये वाटा पाहिजेत, म्हणजे भेगा, पोकळ्या, खडबडीतपणा. मी नेमकं हेच वर्षभर पॉलिश करून घालवत होते.

हे सगळं अण्णांना मी ज्वारीच्या कणसावर समजावलं, फारसं जमलं नाही, पण थेंबाचं त्यांना झटकन कळलं.

ब्लोअरचा थेंब शे-दोनशे मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आमच्या लॅबच्या नोझलचा तीस-चाळीस मायक्रॉनचा धरा. एवढा थेंब गरम काचेवर आदळला की पसरतो, वाळतो आणि मागे गोल डाग ठेवतो, वर कॉम्प्रेसरची हवा काचेला गार करते, म्हणून दहा सेकंद फवारा, थांबा, काच परत तापू दे, परत फवारा असं करावं लागतं. अण्णा म्हणाले, "मग बारीक कर की थेंब." बरोबर. पण नोझलने एका मर्यादेखाली जाता येत नाही, प्रेशर वाढवलं की हवा जास्त, काच अजून गार.

इथं धुकं आलं. कल्पना तुम्ही बघितलेली आहे, घरात ठेवायचा ह्युमिडिफायर, ज्यातून गार पांढरी वाफ येते, ती वाफ नसतेच, ते पाण्याचे थेंब असतात. खाली एक रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा लहानशी पिझोची, म्हणजे वीज दिली की थरथरणारी, चकती असते, ती सेकंदाला सतरा लाख वेळा थरथरते, म्हणजे १.७ मेगाहर्ट्झ, आणि पाण्याच्या पृष्ठभागावर इतक्या बारीक लाटा उठतात की त्यांचे शेंडे तुटून थेंब होतात. थेंब केवढा याचं लँग नावाच्या माणसाने १९६२ मध्ये सूत्र दिलंय, वारंवारता, पृष्ठताण आणि घनता घातली की पाण्याला उत्तर येतं जवळपास तीन मायक्रॉन. पाण्याऐवजी इथेनॉल घेतलं की दोनच्या जरा वर. तीस मायक्रॉनचा एक थेंब फोडला तर त्यातून तीन मायक्रॉनचे हजार थेंब निघतात, हे अण्णांना सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे जरा आदराने बघितलं.

आणि मी वहीत एकदा गणित करून बघितलं होतं, ०.१ मोलर (मोलर हे द्रावण किती दाट त्याचं माप) द्रावणाचा तीन मायक्रॉनचा थेंब पूर्ण वाळून घट्ट टिन ऑक्साइडची गोळी झाली तर ती ०.४ मायक्रॉनची होईल. द्रावण दहापट पातळ केलं तर ०.२ च्या आत. आणि ती गोळी पण आतून हजारो बारीक कणांचीच बनलेली असते. म्हणजे बाटलीत टिन क्लोराइड किती घालायचं यावर फिल्मचा पोत ठरतो, हे मला फार आवडतं. (टिन क्लोराइड म्हणजे ते पाच पाण्याचे रेणू घेऊन येतं ते, ५० मिलिलिटर ०.१ मोलरसाठी पावणेदोन ग्रॅम. जुलैमध्ये बाटलीचं झाकण दोन मिनिटं उघडं राहिलं की त्याचा चिखल होतो आणि वजन करणं म्हणजे देवावर हवाला.)

तर मी ऑनलाइन ह्युमिडिफायरची चकती मागवली, काहीशे रुपयांची. पहिली चकती तीन दिवसात मेली, कारण मी शहाणीने टिन क्लोराइडचं ॲसिडिक द्रावण थेट तिच्यावरच ओतलं होतं, इलेक्ट्रोड खाल्ला गेला. मग कळलं की लोक चकती साध्या पाण्यात ठेवतात आणि वर द्रावणाचं भांडं, भांड्याचा तळ पातळ प्लॅस्टिकचा, भाजी गुंडाळायच्या क्लिंग फिल्मसारखा, थरथर पाण्यातून प्लॅस्टिकमधून वर जाते आणि द्रावणाचं कारंजं उडतं. मग ते धुकं हलक्या हवेने नळीतून काचेवर न्यायचं. नळीला वळण दिलं की धुकं वळणावर आदळून परत पाणी होतं, नळी सपाट ठेवली की ते पाणी पुढे सरकत येतं आणि बरोब्बर फिल्मवर टपकतं, मध्येच पांढरा डाग, चार तासाचं काम गेलं. नळीला भांड्याकडे उतार द्यायचा, म्हणजे जमलेलं पाणी माघारी जातं. हा उतार मी वाचलेल्या कुठल्याही पेपरात लिहिलेला नाही. अण्णांनी मात्र नळीचं चित्र बघताच सांगितलं, "ठिबकच्या लाइनला देतो तसा ढाळ दे की."

ढाळ. चार वर्षांत मला हा शब्द सुचला नव्हता.

आता थेंब काचेजवळ पोचल्यावर काय होतं, ही खरी मजा. आई हे सगळं ऐकत धिरड्याचं पीठ भिजवत होती, ती म्हणाली तव्याचं जसं असतं तसंच असणार. आणि तसंच आहे! तवा बेताचा तापला असला की शिंपडलेलं पाणी पसरून चर्र करत वाळतं, फार तापला की थेंब गोल होऊन नाचत सुटतो, खाली वाफेची गादी तयार होते आणि थेंब तव्याला शिवतच नाही. १९७५ मध्ये विगिए आणि स्पिट्झ यांनी याच्या चार पायऱ्या सांगितल्या. तापमान कमी असेल तर थेंब थेंब म्हणूनच काचेवर पडतो आणि तिथं वाळतो. जरा जास्त असेल तर पाणी वाटेतच उडतं आणि कोरडा मीठकण, म्हणजे टिन क्लोराइडचा कण, पडतो. त्याहून जास्त असेल तर तो मीठकण पण वितळून वाफ होतो आणि वाफेतून काचेवर घट्ट, एकसारखी फिल्म वाढते. आणि फारच तापलं तर सगळं हवेतच होऊन जातं, काचेवर नुसती भुकटी पडते, बोट लावलं की निघून येते. सोलरवाल्यांचा जीव तिसऱ्या पायरीत. मला हवी होती दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधली कुठलीतरी जागा, जिथं कण चिकटतील पण एकमेकांत विरघळून जाणार नाहीत. ती जागा काही अंशांची असते, आणि थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, काचेला लागलंय की हॉट प्लेटला यावर तीस-चाळीस अंशांचा फरक पडतो. माझ्या वहीत सलग दोन महिने "परत पावडर" एवढंच लिहिलंय.

एक गोष्ट इथं सांगायलाच हवी कारण ज्युनियर पोरं हमखास चुकतात, धुकं वापरलं म्हणजे फिल्म आपोआप सच्छिद्र होते असं अजिबात नाही. क्योटो विद्यापीठात शिनोहारा आणि फुजिता यांनी २००८ मध्ये याच धुक्याने नीलम खड्याच्या चकतीवर गॅलियम ऑक्साइडचा असा स्फटिक वाढवला की अणू ओळीत उभे, आज त्याच्यावर पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचं काम चाललंय. धुकं तेच. तापमान, हवेचा वेग आणि द्रावण बदललं की एकीकडे खडा आणि एकीकडे स्पंज.

बरं, स्पंज झाला. दोन टोकांना सिल्व्हर पेस्ट लावली, पाच लिटरच्या बंद डब्यात हीटरवर ठेवली, सिरिंजने १ मिलिलिटर अमोनिया सोडला म्हणजे डब्यात २०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत दोनशे भाग) झाला, आणि रेझिस्टन्स जो कोसळला म्हणता, मी खुर्चीतून उठले. सरांना फोन. सर आले. परत केलं, परत कोसळला. संध्याकाळी आम्ही भेळ खाल्ली. दुसऱ्या दिवशी काहीच नाही, जेमतेम हालचाल. तिसऱ्या दिवशी पण तेच. आठवडाभर डोकं आपटल्यावर आठवलं की पहिल्या दिवशी सिरिंज मी इथेनॉलने धुतली होती आणि घाईत वाळवली नव्हती. आता हिशोब करा, सिरिंजच्या टोकाला ०.०१ मिलिलिटर इथेनॉल राहिलं, डोळ्याला दिसणार पण नाही एवढं, तर त्याची वाफ होते चार मिलिलिटरच्या वर, म्हणजे पाच लिटरच्या डब्यात आठशेहून जास्त पीपीएम! मी ज्याला अमोनिया समजून भेळ खाल्ली ते लॅबचं अल्कोहोल होतं. सरांनी फक्त "हं" केलं, त्या "हं"ची आठवण आली की अजून कसंतरी होतं.

टिन ऑक्साइडचा हाच तर जुना रोग आहे, हाक कुणीही मारा, हा ओ देतो. एलपीजी, अल्कोहोल, डिओ, शेजारच्या लॅबमधला ॲसिटोन, सगळ्यांना. जपानमध्ये १९६२ मध्येच दोन कामं समोर आली, सेयामा यांनी झिंक ऑक्साइडच्या पातळ फिल्मने गॅस ओळखता येतो हे दाखवलं आणि तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या सेन्सरच्या पेटंटसाठी अर्ज केला. तिथं घरोघरी सिलिंडर आले होते आणि गळतीने स्फोट व्हायचे, तेव्हा घरगुती अलार्मला "काहीतरी गळतंय" एवढं कळलं तरी पुरे होतं. आता आपल्याला नाव पण हवंय. म्हणून मग फिल्ममध्ये दुसरं काहीतरी मिसळायचं. थोडं पॅलेडियम घातलं तर रिअ‍ॅक्शन कमी तापमानाला होते. सगळ्यात सुंदर मला वाटतं ते कॉपर ऑक्साइडचं, टिन ऑक्साइडवर कॉपर ऑक्साइडचे ठिपके बसवले की त्यांच्यात अडथळा तयार होतो, वीज अडते, आणि हायड्रोजन सल्फाइड आला की कॉपर ऑक्साइडचं कॉपर सल्फाइड होतं, ते धातूसारखं वाहतं, अडथळाच कोसळतो. दुसरा गॅस आला तर हे होत नाही. हा गॅस म्हणजे गटारात, मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या माणसांना मारणारा, आणि त्याची लबाडी अशी की शंभर पीपीएमच्या पुढे नाकच बधिर होतं, सडक्या अंड्याचा वास यायचा थांबतो आणि माणसाला वाटतं गॅस गेला. माणसाचं नाक जिथं दगा देतं तिथं तरी हे काचेचं नाक असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, बाकी पेपर वगैरे ठीक आहे.

आणि धुक्याचा इथं फायदा आहे, भांड्यात जे विरघळेल ते फिल्ममध्ये जातं. टिनच्या द्रावणात कॉपरचा क्षार घाला, प्रत्येक थेंबात तेवढंच प्रमाण. स्वैपाकासारखं.

दमटपणाबद्दल बोलायला नको असं वाटतंय पण बोलते. पाण्याची वाफ पण फिल्मवर चिकटते आणि तिची जागा अडवते. डिसेंबरात घेतलेलं रीडिंग आणि जुलैत घेतलेलं रीडिंग यांची गाठ पडत नाही, माझ्या एका सॅम्पलचा बेस रेझिस्टन्स पावसाळ्यात इतका उतरला की मला वाटलं फिल्मच निघाली. आता मी प्रत्येक रीडिंगशेजारी ह्युमिडिटी लिहिते. आणि ज्या पेपरात भलामोठा रिस्पॉन्स दिलाय पण हवेत दमटपणा किती होता ते दिलं नाहीये तो पेपर मी आता अर्ध्यात सोडते, उद्धटपणा वाटला तर वाटू दे.

अण्णा मग मुद्द्यावर आले. आमच्याकडे बेदाणा कोल्ड स्टोरेजला असतो आणि मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये गारव्यासाठी अमोनिया फिरवतात. "तिथं लावता यील का तुझं हे?" मी खोटं बोलले नाही. आठ तास काम करायचं तर अमोनियाची मर्यादा २५ पीपीएम धरतात, ३०० ला जिवाला धोका, म्हणजे २५ च्या खाली नीट ओळखलं तर उपयोग. माझी फिल्म ओळखते, पण तीनशे अंशांवर तापवून ठेवावी लागते, वर्षभर, आणि शेजारी कुणी बेदाण्याला गंधकाची धुरी दिली तर तिचं काय होईल ते मी अजून करून बघितलेलं नाही. अण्णा म्हणाले मग आधी ते बघ. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या सारांशात, हा मुद्दा आता टाकलाय, तासगावचा उल्लेख न करता.

परवा परत गेले तेव्हा एक चकती आणि जुना अडॅप्टर घेऊन गेले होते. स्टीलच्या पातेल्यात साधं पाणी घातलं, चालू केलं, पाण्याचा कोंब उठला आणि पातेल्याच्या काठावरून धुकं ओघळायला लागलं. आईने हात घातला, "गार आहे की गं." अण्णा बराच वेळ उकिडवे बसून बघत होते, मग उठून पंखा एकवर लावला, धुकं सरळ दाराबाहेर गेलं. मी सांगितलं, थेंब उडून गेला नाही असं धरलं तर एवढा बारीक थेंब थांबलेल्या हवेत तासाला एक मीटर पडतो.

"मग काय उपेग," अण्णा म्हणाले. "ह्यानं डाऊनी मरायची न्हाई. औषध माझं आणि बाग शेजाऱ्याची फवारून व्हायची."

आणि पंखा बंद करून परत बघत बसले.